रुतलेला कोयता मी उपसला न्हाय

माझा जन्म शेळगावचा, वाढलो शेळगावात आन् मरणारबी हितंच, फक्त कुणाच्या गाडीतनं न्यायचं तेवढं ठरायचं राहिलंय. नाव दत्तात्रय, पण मला दत्तात्रय एकटं रेशनकार्ड म्हणतं, बाकी सगळा रस्ता दत्तूदादा म्हणतो. रस्ता म्हंजी बारामती-इंदापूर रस्ता, फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान हाय. वडील गेल्यावर आमी दोघा भावांनी ठरवलं, शेत धाकट्या संपतनं कसायचं आन् मी रस्त्यावर बसायचं, कारण मला मातीत हात घालायला कधी आवडलंच न्हाय, हवा मारायला आवडायचं. संपत माझ्यापेक्षा सात वर्सांनी लहान. त्येला चालायला मी शिकवलं, विहिरीत पोहायला मी शिकवलं, शिव्या तेवढ्या त्यो आपल्या आपण शिकला. आई त्याच्याकडंच मळ्यात राहती. आईचं माहेर वरकुट्याचं, आन् वरकुट्याची बाई एकदा बोलली की मागं घेत न्हाय, ह्ये लिहून ठेवा, पुढं लागंल.

काय सांगू तुमाला, पंक्चरवाल्याकडं माणसं टायर घिऊन येत्यात असं तुमाला वाटतं. माझ्याकडं माणसंबी यायची, तुकड्यानं. उसाच्या हंगामात ह्यो रस्ता माणूस खातो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा न्हाय, आन् टेप एवढा मोठा की मागनं आभाळ पडलं तरी डायवरला कळायचं न्हाय. माझ्याकडं मोठा जॅक, म्हणून ट्रॉली उलटली की पहिली हाक दत्तूदादाला. मी मोळ्यांखालनं लय माणसं काढली, जिवंतबी आन् तशीबी. एकदा एक बूट हाताला आला, जड लागला, म्हणलं बुटात एवढं काय हाय, आन् मग कळलं काय हाय. चहा घ्या, गार होतोय.

तर एका दुपारी उभ्या ट्रॉलीवर मागनं एक मोटरसायकल धडकली. ट्रॉलीत उसाला टेकू दिलेली सळई बाहेर आलेली, ती त्या गड्याच्या पोटात शिरली आन् ट्रॉलीतनं निसटून त्याच्यासंगं रस्त्यावर आली. माणूस शुद्धीत. दोन्ही हातानं सळई धरून बसलेला, मला म्हणतो, दादा, एवढी काढा की, मी जातो घरी. आता आपली जात कसली, बैलाच्या खुरात काटा गेला की उपस, टायरात खिळा घुसला की उपस, हाताला दुसरं काय माहितीच न्हाय. मी त्याच्या कमरेला गुडघा लावला आन् दोन्ही हातानं ओढली. टायर फुसकन् बोलतो, माणूस बोलत न्हाय. बादली उपडी केल्यागत रगत आलं आन् दोन मिन्टात त्यो गडी माझ्या मांडीवर गेला. आन् लोकांनी काय केलं? माझी पाठ थोपटली. म्हणले, काळीज बघा दत्तूदादाचं, दुसरा कुणी हात लावला नसता. त्या कौतुकावर मी चार महिने छाती काढून हिंडलो.

मग त्या साली गावातल्या गणपती मंडळाला शहाणपण सुचलं. डॉल्बी नको म्हणाले, एक जुनी व्हॅन घेऊ, स्ट्रेचर बसवू, आन् अपघात झाला की आपली आपण न्हिऊ. डायवर म्हणून रज्जाकभाई तयार झाला, त्येची जीप बंदच पडलेली. आन् शिकवायला आल्या सुनंदाबाई, सरकारी दवाखान्यातनं रिटायर झालेल्या नर्स, तोंड असं की सापानं चावायच्या आधी परवानगी मागावी. तालमीच्या मातीत आमचा पहिला वर्ग. बाई म्हणल्या, आंगात रुतलेली वस्तू म्हंजी बूच. बूच काढलं की माणूस सांडतो. रुतलेलं उपसायचं न्हाय, हाय तसं दोन्ही बाजूनं कापडं लावून आवळायचं आन् पळायचं. मी सगळ्यात मागं बसलेलो. हात वर केला, म्हणलं बाई, आन् कुणी उपसलं असलं तर? त्या म्हणल्या, कुणी? मी म्हणलं, मी. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणल्या, दत्तोबा, उद्यापासनं रोज यायचं. शिक्षा म्हणा न्हायतर नेमणूक म्हणा, तवापासनं मी गाडीवर हाय.

आन् मजा सांगू, मी त्यात रंगलो. टायरच्या जुन्या ट्यूबच्या रुंद पट्ट्या कापून गाडीत ठेवल्या, हातापायाचं रगत थांबंना झालं की वरच्या बाजूला पट्टी आवळायची आन् आवळल्याची वेळ त्याच माणसाच्या कपाळावर लिहायची. कशानं? पंक्चरची खूण करायच्या पिवळ्या खडूनं. बारामतीच्या दवाखान्यातले डॉक्टर लांबनं कपाळ बघूनच म्हणायचे, शेळगावचा माल आला.

आता ज्याच्यासाठी तुमी आलाय ते सांगतो.

संपतचा ऊस तोडून झालेला, ट्रॉली भरलेली, आन् कारखान्याकडं निघायची वाट किसनच्या रानातनं. किसन म्हंजी आमचा चुलतभाऊ. त्येचं म्हणणं, तुमच्या ट्रॉल्या दरसाल माझी ठिबकची नळी फोडत्यात. खोटं न्हाय, फोडत्यात. त्यानं त्या सकाळी जेसीबी लावला आन् वाटेत आडवा चर खांदला. भरली ट्रॉली उन्हात उभी, तोडलेला ऊस वाळतोय, ऊसतोड टोळीची माणसं आपलं कोयतं जमिनीवर टाकून सावलीला बसलेली. दुपार झाली. आधी शिव्या झाल्या, मग आज्यापासनंचं सगळं निघालं, मग दोघांनी एकदमच खाली वाकून कोयतं उचललं.

मला फोन आला, मळ्याच्या वाटेवर मारामारी, दोघं पडल्यात. कोण ते सांगितलं न्हाय. सुनंदाबाई त्या दिशी लेकीकडं गेलेल्या. मी आन् रज्जाक दोघंच. जाऊन बघतो तर पाचटावर माझा भाऊ बसलाय आन् त्याच्या डाव्या खांद्यात, गळ्याच्या हाडाखाली, कोयता. मूठ बाहेर, पातं आत. रगत थोडंच. आन् धा पावलांवर चरात किसन उताणा, मांडी उघडी पडलेली, नाडी चालती तसं रगत उडतंय, उडतंय, थांबतंय, उडतंय. दोघांची माणसं दोन बाजूला, हातात दगडं.

आई संपतच्या मागं बसलेली. मला बघून म्हणाली, आलास व्हय रं, काढ ह्येच्यातलं ते. संपत म्हणाला, दादा, काढ. लहानपणी पायात काटा गेला की असाच म्हणायचा, त्याच आवाजात. मी म्हणलं, हलू नको, हात लावू नको, आलोच, आन् त्याला तसाच सोडून मी चरात उडी मारली. कारण संपतच्या जखमेला बूच व्हतं, किसनच्या न्हवतं. किसन पाच मिन्टाचा धनी व्हता. ह्यो हिशोब सांगायला सोपा हाय, पाठीमागं आपला भाऊ दादा-दादा करत असताना करून बघा.

मी किसनच्या मांडीवर गुडघा रोवला, पट्टी टाकली, पिळून पिळून आवळली. त्यो एवढा वरडला की ट्रॅक्टरवाला खाली उतरून पळाला. रगत थांबलं. मी खडू काढला, कपाळावर वेळ लिहितोय, आन् मान वळवली तर आईनं कोयत्याची मूठ दोन्ही हातानं धरलेली. पाय रोवलेला. आता ओढणार.

मी चरातनं कसा वर आलो मला ठावं न्हाय. आय, सोड, म्हणलं. ती म्हणाली, तू त्येचं रगत पूस, माझं लेकरू मी बघती. आन् तिनं जोर लावला. मग मी आईला ढकललं. हळू न्हाय. दोन्ही हातानं, छातीवर. ती तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर पडली, बुडखं सुरीगत असत्यात, कोपरापासनं मनगटापर्यंत हात फाटला. आन् मग पहिला दगड आला, माझ्या कानावर, आमच्याच भावकीतला.

गाडीत स्ट्रेचर एक. किसनला आडवा घातला, संपतला बाकावर बसवला, माझा सदरा आन् दोन टॉवेल कोयत्याच्या दोन्ही अंगाला लावून आवळला. मागची काच फुटली, रज्जाकनं तशीच गाडी काढली. आन् मंडळी, आत काय चाललं असंल सांगा बरं. अर्धे मेलेले दोघं, पण तोंडं पुरी जिवंत. संपतनं पाय उचलून किसनच्या जखमेवर लाथ मारली. किसननं झोपल्या झोपल्या हात लांब केला आन् कोयत्याची मूठ धरली, पिळायला. माझा एक हात संपतच्या गुडघ्यावर, एक कोयत्यावर, तिसरा हात देवानं दिलेला न्हाय. मी किसनच्या मनगटाला चावलो. ह्ये सुनंदाबाईंनी शिकवलेलं न्हाय. हाडापर्यंत चावलो, सोडलंच न्हाय, बारामतीच्या दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी पाहिलं ते असं, एक आडवा, एक कोयतेवाला, आन् मधी मी उघडाबंब, तोंडात माणूस. डॉक्टर म्हणले, ह्यातला पेशंट कोण?

दोघं वाचले. डॉक्टर म्हणले, पातं मोठ्या नाडीला चिकटून बसलेलं, बाहेर काढलं असतं तर गाडीत चढवायच्या आत संपला असता. मी ते घरी जाऊन सांगितलं. दार उघडं व्हतं तोवर सांगितलं. आई हाताला पट्टी बांधून बसलेली. म्हणाली, पोटच्या पोरानं मला ढकललं आन् वैऱ्याचं रगत पुसलं, आता उंबऱ्याच्या बाहीर. संपतचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात न्हाय. वर आन् त्यो किसन, उपकार फेडायला दर हंगामात डाळिंबाचा क्रेट दुकानात ठिवून जातो, आख्ख्या गावाच्या डोळ्यादेखत. मी परत पाठवतो, त्यो परत आणतो. दोन वर्सं भावाच्या घरातनं एक शब्द न्हाय. रस्त्यानं ट्रॅक्टर घिऊन जायचा, मान समोर.

मागल्या महिन्यात सकाळी मंडळाचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडनं आवाज आला आन् माझ्या हातातला पाना खाली पडला. गाडी पाहिजे, म्हणाला. मी म्हणलं, नाव सांगा. त्यानं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. मी म्हणलं, पेशंट कोण? म्हणाला, आमच्या आई. न्हाणीत घसरल्यात, पाय हलत न्हाय. मी म्हणलं, हलवू नका, येतो. बघा, एका आईची दोन लेकरं कशी सरकारी बोलत्यात.

रज्जाक लग्नाला गेलेला, म्हणून गाडी मी घेतली, मागं सुनंदाबाई. आई न्हाणीच्या दारात पडलेली, खुबा मोडलेला. मला बघितलं आन् बाईंना म्हणाली, ह्यो उचलणार व्हय? ढकलंल मला. सुनंदाबाई म्हणल्या, म्हातारे, तुला ढकलली म्हणून तुझा संपत आज उभा हाय, गप पड. आई गप पडली. डोक्याकडनं मी धरलं, पायाकडनं संपतनं, त्याचा हात वर जात न्हाय म्हणून मीच खाली वाकून चाललो, गाडीपर्यंत गुडघ्यात मोडून.

निघालो. पहिल्याच खड्ड्याला आई कळवळली. आन् मागनं आवाज आला, ओ डायवर, आईला दुखतंय, जरा दमानं. दोन वर्सांनी माझा भाऊ माझ्याशी बोलला तो असा. डायवर. मी म्हणलं, व्हय साहेब, आन् आरशात बघायचंच टाळलं, रस्ता दिसंना झाला असता.

आईच्या खुब्यात आपरेशन करून स्टीलची पट्टी घातली. आता दर पंधरा दिसाला दाखवायला न्यायची. संपत फोन करतो, ओ डायवर, मोकळं हाय का. लोकं म्हणत्यात राग येत न्हाय का रं तुला. मी म्हणतो, मला दादा म्हणणारा आख्खा तालुका हाय, डायवर म्हणणारा एकटाच हाय. परवाच्याला काय झालं, बारामतीहून येताना आई मागनं म्हणती, संपत, त्या डायवरला इचार, जेवून आलाय का. मी पुढनं म्हणलं, न्हाय म्हणावं. मग फडक्यातली अर्धी भाकरी आन् ठेचा संपतनं उजव्या हातानं पुढं केला. एका हातानं चालवत, एका हातानं खात आलो. सुनंदाबाईंना सांगू नका, नियमाच्या इरुद्ध हाय. म्हातारीला बरं वाटू दे देवा, पण लवकर नको, अजून चार-सहा खेपा होऊ दे.