येसबाच्या पोटातली गुडगुड

मंडळी, ऐका! आधी एक सवाल. पोटात गेलं म्हणजे अंगी लागलं का? ...लागतं म्हणता? मागच्या काकू तर मान डोलवायलाही लागल्या! थांबा काकू, आधी येसबाचं ऐका.

येसबा गवळी. गावच्या चौकात त्याचा दूध-कट्टा. संध्याकाळी म्हैस कट्ट्यावर आणायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेसाळ ग्लास हातात! आणि त्याच्या घराण्याची रीत अशी, की पहिला ग्लास मालकानं स्वतः प्यायचा. येसबा घटाघटा प्यायचा, मिशी पुसायचा — "बघा! पाण्याचा थेंब नाही!"

आणि आत? आत गडगडाट! दूधवाल्याला दूध पचत नव्हतं, मंडळी! सांगणार कुणाला? चार पिढ्यांचा कट्टा! वीस वर्षं बिचारा रोज प्यायचा आणि रोज कळ सोसायचा.

त्यात दिवाळीला गोठ्यात घसरला — मनगट मोडलं! चैत्रात यात्रा. गावची सासनकाठी, देवापुढं मिरवायची ती तीस फुटी काठी, उचलायचा मान येसबाच्या घराचा. ती दुसऱ्याच्या हातात गेली तर? या धास्तीनं त्याची झोप उडाली. प्लास्टर निघालं तसा धावला डॉक्टरीणबाईंकडे.

बाई म्हणाल्या, "हाडांना कॅल्शियम हवं. दुधात दुधाचीच एक साखर असते. तान्ह्या बाळाला ती कॅल्शियम आत घ्यायला मदत करते, पण—"

'पण' ऐकायला येसबा होता कुठे? तो दाराबाहेर! साखर मदत करते म्हणजे झालंच की! (हसताय काय? तुम्हीही माझं कीर्तन अर्धंच ऐकता!) घरी येऊन दुधात चार चमचे साखर, वर बासुंदी, बासुंदीत जिलेबी!

बायको म्हणाली, "अहो, हाड सांधताय का कुणाचं लग्न काढलंय?"

त्याच संध्याकाळी कट्टा भरलेला. येसबानं ग्लास रिकामा केला आणि — गुर्रर्र! म्हैस दचकली. रेकली — आँऽऽ! पुन्हा गुर्रर्र! पुन्हा आँऽऽ! असं तीन वेळा!

देवळातले गुरव रामलिंगबुवा ग्लास घेऊन तिथंच उभे होते. त्यांचे डोळे विस्फारले. "कौल! देवाचा कौल झाला! येसबा समोर उभा, आणि म्हैस तीनदा नाही म्हणाली! यंदा काठी येसबाला नको!"

झालं! कुणी हळद-कुंकू आणलं, कुणी हार आणला, एकानं तर म्हशीपुढं नारळ फोडला! म्हशीनं हार खाल्ला. "प्रसाद घेतला!" म्हणून लोक पायाच पडले!

येसबाच्या डोळ्यांत पाणी आलं. काठी चालली! लाज राखावी तर मान जातो, मान राखावा तर लाज जाते. शेवटी ओरडला, "बंद करा रे! म्हशीचा काही दोष नाही! गुडगुड माझ्या पोटातली, साखर घातलेल्या दुधाची! मला दूध पचत नाही — वीस वर्षं पचत नाही!"

मग रामलिंगबुवांनी हळूच ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "येसबा... मलाही नाही पचत रे." मग तलाठी. मग तालमीचे वस्ताद! अर्धा कट्टा पोट धरून उभा!

दूध न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तेच सांगत होते! मोठेपणी ती साखर कित्येकांना पचत नाही, आणि कॅल्शियमला तिची गरज असतेच असंही नाही. वरून घातलेल्या साखरेचा तर हट्टच नको. दही खा, ताक प्या, त्यात ती साखर कमी, आणि कॅल्शियम त्यातही आहे!"

दुसऱ्या दिवसापासून येसबा कट्ट्यावर पहिली वाटी दह्याची खाऊ लागला. चैत्रात बाईंनी मनगट तपासून होकार दिला, आणि काठी त्यानंच उचलली. पोटातून आवाज नाही!

तर मंडळी, पोटात गेलेलं सगळं अंगी लागत नाही. तसंच कानात गेलेलंही! किती वर्षं इथं बसताय? खोटं बोलू नये, हे किती वेळा ऐकलंत? आणि घरी काय काय लपवून ठेवलंय? जे पचत नाही ते आज एकदा घरच्यांना सांगून टाका.

मी? ...यजमान, दरवर्षी कीर्तन झालं की मला केशरी दुधाचा तांब्या देता ना? बारा वर्षं मी मुकाट पितोय. एवढा आज परत न्या. ताक आणा!