रंगुबाईचा डबा

चंद्राबाई : भोकं? डब्याला भोकं पाडलीस?

शिवांजली : बारीक बारीक आहेत आज्जी, अगदी तळाला. पाणी निचरायला नको का? स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर तापवला आणि टोचला. लोण्यात शिरावा तसा शिरला.

चंद्राबाई : आन् ह्ये डोळं?

शिवांजली : मीच काढले. डोळे, नाक, ओठ. वर कोथिंबीर आली की केस झाले! झाकणही वाया घालवलं नाही, खाली ताटली म्हणून ठेवलंय. आठ दिवस मागच्या दारी होता, कोंब दिसले म्हणून आज खिडकीत आणला. छान दिसतंय ना?

चंद्राबाई : अगं माझे आई! लगीन हून चार म्हयनं झालं न्हाईत, आन् मला गावात तोंड दाखवाय जागा ठिवली न्हाईस!

शिवांजली : कोथिंबीर लावली म्हणून? अहो, आल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत, या घरात काही फेकायचं नाही. यांच्या जुन्या पॅन्टचा पाय कापून तुम्ही दळणाची पिशवी शिवली. माठ सायकलच्या टायरवर बसवला. काल कान तुटलेला माझा चहाचा मग तुम्ही मागून घेतलात, तो आज पिठात आहे.

चंद्राबाई : त्ये आपलं भंगार हुतं. ह्यो रंगीचा डबा हाय!

शिवांजली : रंगी म्हणजे समोरच्या रंगुआज्जी? तुमच्या धाकट्या जाऊबाई? पण तुम्ही तर त्यांच्याशी बोलत नाही.

चंद्राबाई : बोलत न्हाई म्हणून तर डब्यावर जीव! बस हितं. तुज्या इस्लामपुरात काय करत्यात ठावं न्हाई, आमच्यात भरून आल्याला डबा रिकामा परत जात न्हाई. तुजा विश्वजीत मिल्ट्रीत भरती झाला, तवा रंगीनं कोरेगावातनं ह्या डब्यातनं श्रीखंड आणलं. मी त्यात अनारसं घालून दिलं. तिनं चकल्या घालून पाठीवला. मी मेथीचं लाडू. तवापास्नं चालूच हाय. पुढं भांडाण झालं, बोलणं बंद पडलं, पर डबा कोण बंद पाडणार? जी पाडंल ती कोती ठरंल. ती भरून आणती, कट्ट्यावर ठिवती, दार वाजवती आन् पळती.

शिवांजली : या वयात पळतात?

चंद्राबाई : चपला हातात घिऊन.

शिवांजली : मग सोपं आहे. आपण स्टीलचा चांगला डबा देऊ भरून.

चंद्राबाई : म्हंजी तिचा मी ठिवून घेतला असं हुतंय. आधी पातळ, आता डबा. आन् चटणीचं काय?

शिवांजली : कसली चटणी?

चंद्राबाई : शेंगदाण्याची. भांडणानंतर पयला डबा आला, तवा त्यातल्या चटणीनं माज्या डोळ्यांतनं, नाकातनं, सगळीकडनं पाणी. मग पुढच्या खेपंला जरा कमी. अशी उतरत उतरत गेली. ह्या खेपंला तर तिनं गूळ टाकलाय चिमटीभर! आणखी एक डबा गेला असता तर बोललीच असती ती. माजी पाळी हुती. करंज्याचं सारण बी भाजून ठिवलंय मी. आन् तू त्यात माती भरलीस.

शिवांजली : मला काय माहीत, तुमचा समझोता डब्यातून चाललाय! पण भांडण कशावरून?

चंद्राबाई : जाऊ दे.

शिवांजली : सांगा की.

चंद्राबाई : तिच्या लेकीच्या लग्नात मला मानाचं पातळ दिलं. जांभळं, वर टिकल्याच टिकल्या. अंगाला अशा टोचायच्या, जणू काटंरी निवडुंग नेसलीया. मग म्हणलं वाया कशाला घालवा? रानात शाळूच्या कणसांवर पाखरं लय बसत हुती.

शिवांजली : आज्जी! बुजगावण्याला नेसवलं?

चंद्राबाई : मानाचं पातळ फेकून न्हाई दिलं, ध्यानात घे. टिकल्या उन्हात अशा चमकायच्या की पाखरू फिरकलं न्हाई. पर रंगीच्या डोळ्यात तवा मोतीबिंदू. ती बांधावरनं चालली हुती, तिला वाटलं मीच उभी हाय. थांबली आन् बोलत बसली.

शिवांजली : बुजगावण्याशी!

चंद्राबाई : हसू नगंस. शेजारच्या रानातल्या तानाजीनं लांबनं बघितलं, हात हलवून हलवून बोलत हुती म्हणं. बुजगावणं काय बोलणार? ती रागानं गेली. पुढं डोळ्याचं ऑपरेशन झालं, नजर आली, आन् पयल्यांदा काय दिसलं आसंल तर शाळवात उभं ऱ्हायलेलं तिचं पातळ.

शिवांजली : पण त्या बोलल्या काय होत्या?

चंद्राबाई : ते मला अजून ठावं न्हाई. इचारणार कोणाच्या तोंडानं? अगं बाई, आलीच ती! झाक त्यो डबा!

शिवांजली : कशानं झाकू? ओली माती आहे!

रंगुबाई : शिवांजली, हाईस का गं? तुज्या आज्जीसासूला इचार, माजा डबा वाटंत कुठं पडला का काय? लय दिस झालं.

चंद्राबाई : शिवांजली, त्या बाईला सांग, सारण भाजलंय म्हणावं. करंज्या काय एका दमात हुत न्हाईत.

शिवांजली : रंगुआज्जी, सारण—

रंगुबाई : ऐकलं मी, भैरी न्हाई. आन् आता दिसतंय बी चांगलं, एका डोळ्यानं का हुईना. तुज्या पाठीमागं खिडकीत काय हाय?

शिवांजली : कुठं? काही नाही. कुंडी आहे.

रंगुबाई : सरक. ही कपाळावरची टिकली कुठली?

शिवांजली : ती… आधीपासून होती डब्यावर. मी फक्त खाली डोळे काढले.

रंगुबाई : माज्या सुनंच्या नखाच्या रंगाचा ठिपका त्यो! डबा वळखू यावा म्हणून मी लावल्याला! म्हंजी पयलं माज्या पातळाचं बुजगावणं, आन् आता डब्याचं बी!

शिवांजली : आज्जींचा काही दोष नाही हो. मी रीलमध्ये बघून केलं. त्या केवढ्या ओरडल्या मला!

चंद्राबाई : तिला सांग, वरडले म्हणावं. आन् ह्ये बी सांग, डबा रिकामा न्हाई. कोथमीर हाय त्यात. उगवंल तेवढी तिचीच.

शिवांजली : रंगुआज्जी, आज्जी म्हणतात—

रंगुबाई : थांब गं. मधी बोलू नगंस. आण तो डबा हिकडं.

(रंगुबाई डबा उचलून तोंडासमोर धरतात. मातीत कोथिंबिरीचे दोन-तीन कोंब वर आलेले.)

रंगुबाई : नाक बी थोरल्या जावंसारखंच काढलंय पोरीनं. फुगल्यालं.

शिवांजली : हसताय ना तुम्ही?

रंगुबाई : मी काय हसती? मी हिच्याशी बोलती. काय गं आक्के, बरी हाईस का? त्या दिशी शाळवात तुला किती इनवलं. म्हणलं, साताऱ्याला डोळ्याचं ऑपरेशन हाय, मला लय भ्या वाटतंय, पोरं गाडीनं सोडतील पर हात धराय तू चल. एका शब्दानं बोलली न्हाईस. तशीच गेले मी एकटी.

(चंद्राबाई दोन पावलं पुढं येतात.)

रंगुबाई : आता दुसऱ्या डोळ्याचं हाय. पुन्ना इचारती, शेवटचं. येशील का संगं?

शिवांजली : आज्जी—

चंद्राबाई : कवा निघायचं?