कार्डावरचं वजन

(बोनकोड्यातलं घर. टेबलावर मोबाईल उभा केलेला. व्हिडिओ कॉलवर औषधाच्या चाचणीची नर्स नमिता. समोर गोटीराम, बाजूला मुलगा दिपेश.)

नमिता: आता कप उचला, काका. कॅमेऱ्यासमोरच धरा.

गोटीराम: अर्धाच भरलाय हां. पुरा सांडतो.

नमिता: चालेल. थरथर दिसतेय. कधीपासून?

गोटीराम: दोन वरसं झाली. गावात कोनाकडं चा प्यायची सोय नाय. बोलतात, गोटीराम बेवडा झाला, हात बघ कसा हलतो. आयुष्यात थेंब नाय घेतला, मॅडम. हे औषध लागू पडलं ना, सगल्यांची तोंडं बंद करीन.

दिपेश: बाबा, विचारलं तेवढंच सांगा ना.

नमिता: बोलू द्या त्यांना. औषध घरीच येईल, मी अशीच व्हिडिओवर तपासेन. फक्त हेल्थ रेकॉर्ड बघते, दिपेशनी ओटीपी दिलाय... काका, थेंबही नाही म्हणालात?

गोटीराम: देवाशपथ.

नमिता: मग हे काय? गेल्या गणपतीनंतर तुम्ही ॲडमिट होता. दारूमुळे लिव्हरला सूज.

गोटीराम: मी?

दिपेश: मॅडम, नेट जातंय. नंतर करू या का?

नमिता: मला नीट ऐकू येतंय. हेल्थ कार्ड तुमचंच आहे, काका. वजन मात्र ब्याण्णव किलो. आज काट्यावर किती आलं?

गोटीराम: बावन्न.

नमिता: म्हणजे तुमच्या कार्डावर दुसरंच कोणी दाखल झालं असणार. तसं सांगा, मी हॉस्पिटलला लिहिते. ते चौकशी करतील, तोवर तुमची जागा राखून ठेवते.

गोटीराम: दिपेश, गणपतीनंतर तू गोव्याला गेलतास ना?

दिपेश: बाबा...

नमिता: काका?

गोटीराम: मीच होतो तो. पितो मी.

नमिता: आणि वजन?

गोटीराम: उतरलं.

नमिता: शेजारी मुलगा बसलाय म्हणून बोलताय का असं?

गोटीराम: नाय. चौकशी नको. माजं नाव काढून टाका.

नमिता: मग मला तुम्हाला चाचणीत घेता येणार नाही, दारू पिणाऱ्याला हे औषध देत नाहीत. सॉरी, काका. जपा.

दिपेश: कशाला बोललात असं? ठेवला ना तिनं फोन!

गोटीराम: मग काय तुजं नाव सांगू?

दिपेश: जागृतीच्या पप्पांनी साखरपुड्याआधी माझे रिपोर्ट मागितले होते. घरातल्या सगळ्यांची कार्डं माझ्याच फोनवर. तुमचं पुढं केलं. हे असं तुमच्याच अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

गोटीराम: त्या नर्सबायसमोर बेवडा झालो रे. मना लय लाज वाटली.

दिपेश: मला तर मान वर करवत नाही, बाबा. मी लावतो तिला फोन.

गोटीराम: आधी जागृतीला लाव. लगीन लागायच्या आत समदं सांग. घरात एक जन खोटं बोलला, तेवढं बस झालं.

दिपेश: आणि तुमचं औषध?

गोटीराम: हा चा गार झाला. दुसरा दे. अर्धाच भर.