डावा गुडघा, उजवा गुडघा

नाही, पण मी म्हणतो, माणसाला गुडघे असतात किती? दोन! गोम नाही हो ती, माझी सख्खी ताई आहे! दोनातला एक ओळखायला विमा कंपनीला सात महिने...? आणि तुम्हाला सांगतो, हे सात महिने ज्यांनी खेटे घातले ते आमचे भाऊजी, ताईचे यजमान, ते काय म्हणतात माहितीये? "त्यांचंही बरोबर आहे!" आता बोला!

भाऊजींचं चष्म्याचं दुकान आहे. चाळीस वर्षं काचा घासतायत, पण कुणाशी घासाघीस नाही. गिऱ्हाईक स्वतःच्या चष्म्यावर बसतं, मोडतं, आणि वर येऊन ओरडतं, "कसली फ्रेम दिलीत हो!" तर हे काय म्हणतील? "बसायच्या दृष्टीने जरा नाजूकच आहे ती." असा माणूस! आणि याच्यावर तक्रार करायची पाळी!

झालं काय, ताई दुकानातल्या शिडीवर चढली, वरच्या फळीवरचा खोका काढायला. शिडी एकीकडे, ताई एकीकडे आणि गुडघा तिसरीकडे. उजवा गुडघा. लक्षात ठेवा, उजवा! कंपनीच्या नाही राहिला, निदान तुमच्या तरी राहू दे. ऑपरेशन झालं, झकास झालं. दुकानातल्या नवीन यंत्रासाठी बाजूला ठेवलेले पैसे भाऊजींनी दवाखान्यात भरले, म्हटलं, विमा आहे ना! अकरा वर्षं हप्ता भरलाय, एक दिवस मागेपुढे नाही. एजंट घरी आला. "काका, तुम्ही फक्त सही करा, बाकी सगळं मी बघतो." बघितलं की त्यानं! ताईच्या समोर खुर्ची टाकून बसला, बँडेजकडे बघितलं आणि फॉर्मवर लिहिलं... डावा! का? तर त्याच्या डाव्या हाताला होता! आणि भाऊजी म्हणतात, "तो बसला होता तिथून बघितलं तर त्याचंही बरोबर आहे."

पंधरा दिवसांनी पत्र. दावा नामंजूर. कारण काय, तर डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्याचा पुरावा नाही. अहो, असेल कुठून? झालीच नाही तर! फोन लावला. वीस मिनिटं नुसतं संगीत, मग एक मंजुळ आवाज, "सर, हॉस्पिटलकडून दुरुस्तीचं पत्र आणा ना सर." गेले हॉस्पिटलात. तिथला कारकून मान वर न करता म्हणतो, "आमच्या कागदात उजवाच आहे. आम्ही चुकलोच नाही तर दुरुस्ती कसली देऊ?" परत फोन, परत संगीत. "सर, मग चूक नसल्याचं पत्र आणा ना सर." परत हॉस्पिटल. "चूक नसल्याचं पत्र द्यायची आमच्याकडे पद्धत नाही." भाऊजी बाहेर आले, पायरीवर बसले, आणि मला म्हणाले... जाऊ दे, काय म्हणाले ते तुम्हाला कळलंच असेल.

मग कंपनीचा डॉक्टर आला घरी, तपासायला. ताईनं दोन्ही पाय पुढे केले. डॉक्टरनं डावा गुडघा वाकवला, सरळ केला, ठोकून बघितला. ताई म्हणते, "अहो, हा बघा की उजवा, हा व्रण बघा, वीतभर आहे!" डॉक्टर म्हणतो, "दिसतोय हो. पण तो माझ्या कागदात नाही." आणि लिहून काय गेला? 'डावा गुडघा उत्तम स्थितीत.' त्यावर दुसरं पत्र! डावा उत्तम असल्यामुळे दावा नामंजूर, आणि उजव्याबद्दल म्हणाल तर त्याची मुदत टळली! म्हणजे दोन्ही गुडघे नामंजूर! ताई उभी कशावर राहणार...?

इथवर भाऊजी गप्प होते बरं का. पण ताईनं दर खेपेचे पैसे घेऊन व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगितलं. का? तर "मला आता बरं वाटतंय." कसलं बरं? एका दुपारी भाऊजी जेवायला लवकर आले, तर ही भिंतीला धरून, ओठ दाबून, एक एक पाऊल टाकत स्वयंपाकघरात चाललेली. यांना बघितलं आणि झटकन भिंत सोडली. हसली.

तुम्हाला सांगतो, त्या दुपारी त्या माणसानं दुकान उघडलं नाही. कागद घेतला आणि तक्रार लिहायला बसले. पहिलं वाक्य काय? 'आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमस्व'! ताईनं फाडला. दुसरा लिहिला, 'आपलेही बरोबरच असेल, परंतु...' तोही फाडला. मग भाऊजींनी पॉलिसी काढली. बेचाळीस पानं, अक्षर मुंगीच्या पायाएवढं. डोळ्याला भिंग लावून तीन दिवस वाचली! आणि एकतिसाव्या पानावर सापडलं. लिहिण्यातल्या चुकीमुळे दावा नाकारता येणार नाही! कंपनीचंच कलम! मग जो काय अर्ज लिहिलाय त्यांनी... तारखेला तारीख, कागदाला कागद, स्वच्छ, घासलेल्या काचेसारखा!

तक्रार निवारण कार्यालयात सुनावणी लागली. मीही गेलो सोबत. बाकावर दोन तास. मग आत. तिथल्या अधिकारी बाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढून म्हणाल्या, "इतकं मुद्देसूद मी कित्येक वर्षांत वाचलं नाही." माझी छाती फुगली! कंपनीकडून एक काडी पैलवान आला होता, बगलेत फाईल. बाईंनी विचारलं, "तुमचं म्हणणं?" तो म्हणतो, "मॅडम, हे प्रकरण ज्यांच्याकडे होतं त्यांची बदली झाली. मी कालच आलोय. मुदत हवी." बाई म्हणाल्या, "दोन महिने." झालं! भाऊजींनी तोंड उघडलं, "त्यांचंही..." मी असा चिमटा काढलाय म्हणता!

बाहेर आलो तर काडी पैलवान मागून पळत, "काका! काका, थांबा!" मला वाटलं, आला शरण, तडजोड करणार! त्यानं इकडेतिकडे बघितलं, खिशातून घडी केलेले कागद काढले आणि हळूच म्हणाला, "माझ्या आईच्या कानाचं ऑपरेशन... आमच्याच कंपनीनं नामंजूर केलंय. तुमच्यासारखा अर्ज द्याल का लिहून?"

अहो, हाकलायचा ना त्याला! भाऊजी बाकावर बसले, डोळ्याला भिंग लावलं आणि कागद वाचायला लागले. मी नुसता चरफडतोय. अर्ध्या तासानं मान वर केली. मला म्हणाले, "चिडू नकोस रे. याचं काम नक्की होईल बघ. याची केस आपल्यापेक्षा भक्कम आहे."

मी काय करणार? वाऱ्यानं कागद उडत होते, ते धरून बसलो.