डाव्या बाजूचा कापूस

(शिंप्याचं दुकान. मशीनवर तो, इस्त्रीच्या टेबलापाशी त्याची बायको. ऑपरेशन कोणतं करायचं ते उद्या डॉक्टरीणबाईंना सांगायचं आहे.)

बायको: आणि हा एकाच बाजूला कापूस कशाला भरलाय?

शिंपी: ठेव ते. काजं व्हायचीत अजून.

बायको: माझ्या मापाचा ब्लाउज आहे. अहो, मी काय विचारतेय?

शिंपी: सगळं काढल्यावर चारचौघांत तुला अवघडल्यासारखं व्हायला नको, म्हणून.

बायको: सगळं काढणार असं कोण म्हणालं?

शिंपी: कॅन्सरला आणखी काय करतात?

बायको: डॉक्टरीणबाई एवढा घसा कोरडा करत होत्या, तेव्हा लक्ष कुठे होतं तुमचं?

शिंपी: त्यांच्या कोटाच्या बाहीकडे. खांद्यात चुण्या पडत होत्या. खरं सांगू? रोगाचं नाव घेतलं त्यांनी, त्यानंतरचं मला काही ऐकूच आलं नाही.

बायको: मग आता ऐका. गाठ लहान आहे. ती काढायची, भोवतीचा थोडा चांगला भागही घ्यायचा. बाकीचा स्तन राहतो.

शिंपी: आणि बारीकसं काही मागे राहिलं तर?

बायको: काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासतात. कडेला काही सापडलं तर पुन्हा थोडं कापावं लागेल. नंतर रेडिएशन, ते मात्र चुकवायचं नाही.

शिंपी: विषाची परीक्षा हवीच कशाला? एकदा काढून टाकलं की डोक्याला ताप नाही.

बायको: तेही विचारलं मी. स्तन ठेवला तर त्याच जागी परत यायची शक्यता जराशी जास्त, म्हणाल्या. पण माझ्यासारख्या गाठीत आयुष्य दोन्हीकडे सारखंच.

शिंपी: माझ्यासाठी म्हणून ठेवत असशील तर नको. मला तू घरात हवीस. मग माप कसं का असेना, मी शिवीन.

बायको: वेडे आहात. तुमच्यासाठी नाही हो. मला हवाय तो. अंघोळीला बसले की मला मीच दिसायला हवी.

शिंपी: भीती नाही वाटत?

बायको: वाटते तर. म्हणून उद्या तुम्ही यायचं, आणि या वेळी ऐकायचं.

शिंपी: तिथे मला रडू आलं तर?

बायको: येऊ दे. फक्त उठून बाहेर जाऊ नका. इतके दिवस मी एकटीच रडतेय.