एकाच जागी अकरा वेळा

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याच्या प्रमुख आनेकेबाई, सत्कारमूर्ती हार्मन, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी रीतबाई, आणि पाळी संपल्यावर घरी जायचं सोडून इथे थांबलेल्या मोजणी, छपाई आणि पॅकिंग विभागांतल्या सहकाऱ्यांनो,

कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या माणसाच्या हाती माइक देऊ नका, असं मी सुचवून पाहिलं. हार्मन म्हणाले, "तूच बोल. स्तुती करायला बाकीचे आहेत." मीही थकलोय, तेव्हा स्तुती थोडक्यात उरकतो.

एकतीस वर्षं या माणसाने काय केलं? रेघा मोजल्या. सिलिकॉनच्या चकतीवर लेप लावायचा, त्यावर छपाईवाल्यांनी प्रकाशाने रेघ उमटवायची आणि आम्ही ती मोजायची. नव्वद नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग समजा. ती नीट उतरली की चिप चालते, रीतबाईंच्या कानातलं यंत्र ऐकतं, आपल्या नायमेखन गावच्या पुलावरच्या बसमधलं यंत्र तिकीट देतं. यात हार्मनचं नाव कुणी घेतं का? नाही घेत. तेही मागत नाहीत. मघाशी स्वतःच्या निरोपाचा केक स्वतःच कापून वाटत होते, तुम्ही पाहिलंतच.

आता एक गोष्ट सांगायची आहे. आनेकेबाई, दोन मिनिटं जास्त लागतील.

गेल्या महिन्यात छपाईच्या वित्स्केला मी कॅन्टीनमध्ये विचारलं, माझ्याबरोबर राहशील का. "विचार करते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ती ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. मी तसाच पेटलेल्या डोक्याने खाली मोजणीला बसलो. तिने छापलेली चकती समोर आली. रेघ एकोणनव्वद. चालण्यासारखी होती. मला मात्र ती खटकली. पुन्हा मोजली, अठ्ठ्याऐंशी. पुन्हा, पुन्हा. त्र्याऐंशी आल्यावर मी नोंद केली, 'छपाईत दोष', आणि खाली सही ठोकली.

पंचवीस चकत्यांचा लेप धुवावा लागला. वित्स्केला यंत्रावरून काढून पॅकिंगला बसवलं. तिच्या नावावर दोषाची ही दुसरी नोंद होती.

दोन दिवसांनी हार्मननी मला पडद्यासमोर बसवलं. अकरा चित्रं, प्रत्येकात रेघ आधीपेक्षा बारीक.

"ही जागा एकच आहे ना?"

"खात्री करत होतो."

"पोरा, आपल्या मोजणीच्या यंत्राचा इलेक्ट्रॉनचा झोत पडतो तिथला लेप आक्रसतो, रेघ बारीक होते. दर वेळी नवी जागा घ्यायची, हे तुला पहिल्या आठवड्यात शिकवलंय."

"माहीत आहे मला."

"माहीत असून अकरा वेळा?" त्यांनी पहिलं आणि अकरावं चित्र शेजारी-शेजारी लावलं. "त्या मुलीलाही असंच विचारत होतास वाटतं."

मी म्हटलं, तुम्हीच दुरुस्ती नोंदवा, तुम्ही विभागप्रमुख आहात. "सही तुझी," म्हणाले, "दुरुस्तीही तुझीच." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. रोज सकाळी फक्त कॉफीचा कप माझ्यासमोर ठेवायचे आणि निघून जायचे. एकदा ओरडले असते तर बरं झालं असतं. मी भांडून मोकळा झालो असतो.

तीन आठवडे मी काहीही लिहिलं नाही. कारण काय सांगू? ते लिहिलं की वित्स्के कायमची गेली, एवढंच डोक्यात. ती मात्र परवा कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "मोजलंस तू, तोंड पाडून हिंडतोस तू, आणि खोकी भरते मी."

आज सकाळी दुरुस्ती नोंदवली. आनेकेबाई, ती तुमच्या टेबलावर आहे. छपाई बरोबर होती, मोजणाऱ्याने रेघ बिघडवली, वित्स्केला तिच्या यंत्रावर परत घ्यावं, असं तीन ओळींत लिहिलंय. माझ्याबद्दल काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा. मी वाद घालणार नाही.

हार्मन, गेले तीन आठवडे तुम्ही गप्प राहिलात, त्याबद्दल तुमचे आभार. रीतबाई, एवढी वर्षं हा माणूस आम्हाला दिलात, तुमचेही. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या नोंदीतली चूक मात्र घालू नका, ती माझ्या नावावर राहू द्या.

वित्स्के, तू तिथे दाराशी उभी आहेस. उत्तर द्यायची गरज नाही. आज मी काही विचारलेलं नाही.