कडेची मुलगी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय मुख्याध्यापक, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज दुसऱ्या गावी निघालेल्या आमच्या बाई, शिक्षकवृंद, पालक, आणि एव्हाना चुळबूळ सुरू केलेल्या माझ्या बालमित्रांनो,

मी शाळेचा फोटोग्राफर. माझी जागा कॅमेऱ्यामागे. माईकसमोर माझी बोबडी वळते. पण हल्ली डोळे मिटले की छत्तीस वर्षांतली मुलं एकेक करून येतात आणि हळूच विचारतात, "काका, कुठे उभं राहू?" म्हणून आज बोलणं भाग आहे.

वर्गाच्या फोटोची रांग मीच लावायचो. गोरी मुलं मधे, काळी दोन्ही कडांना. उजेड जुळावा म्हणून, असं वडिलांनी शिकवलेलं. मी कुणाचा द्वेष केला का हो? छे! मी फक्त रांग लावली.

बाई मानवी हक्क शिकवायच्या. "हक्क पाठ करू नका, आपल्याच शाळेत शोधा," म्हणायच्या. मग नववीच्या पोरांनी काय करावं? व्हरांड्यातले सगळे फोटो उतरवून याच सभागृहात मांडले, पालकांना बोलावलं आणि पोरं म्हणाली, "आपापलं मूल शोधा." एका आईला लेक सापडेना. शेवटी रिबिनीवरून ओळखली. चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग होता.

दुसऱ्या दिवशी तीच लेक मैत्रिणींना घेऊन माझ्या स्टुडिओत हजर. म्हटलं, आता भांडण. तर म्हणाली, "काका, उजेड कसा मोजतात, शिकवा ना." मी मीटर दाखवला.

"हा कुणाच्या चेहऱ्यासमोर धरता?"

"मधल्यांच्या."

"आणि मधे कोण असतं?"

कपाळ माझं! त्या वर्षापासून रांग मुलंच लावतात, आणि मी मीटर घेऊन दोन्ही कडांपर्यंत चालत जातो.

बाईंनी मला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. मीच एकदा विचारलं, "बाई, तुम्ही याच शाळेत शिकलात ना? तुमचा लहानपणीचा फोटो आहे?" हसून म्हणाल्या, "एकच आहे, काका. त्यात मी आहे, असं आई सांगायची."

त्याच रात्री मी जुन्या निगेटिव्हचे डबे काढले.

ती निगेटिव्ह शोधायला तीन महिने लागले. गेल्या रविवारी डार्करूममध्ये लाल दिवा लावला. निगेटिव्हमधून कागदावर उजेड सोडताना कडेच्या त्या मुलीवर हाताची सावली धरली, म्हणजे तिथला कागद जास्त उजेडाने काळा होत नाही. मग कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला आणि हलवत राहिलो. पाण्यातून मुलं झोपेतून उठावीत तशी वर येत होती. आणि बाई, तुम्ही आलात! गोऱ्या नव्हे हो, होतात तशाच. टपोरे डोळे, गालाला खळी, हसू दाबलेलं. चेहरा निगेटिव्हमध्ये पहिल्यापासून होता. मीच तो कागदावर येऊ दिला नव्हता. मला रडू आवरलं नाही.

बोलायची संधी दिल्याबद्दल आयोजकांचे आभार. भाषणात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. फोटोतल्या चुकीची माफी मात्र मी त्या सगळ्या कडेच्या मुलांकडे मागतो, आणि त्यांच्या वतीने हा फोटो बाईंच्या हाती देतो.

आता सगळ्यांचा एक फोटो काढायचा आहे. बाई, जरा पुढे येता? आज मीटर आधी तुमच्यासमोर धरायचाय.